पाक आचेंग यांचं डोकं

सलग तिसऱ्या दिवशी पाक आचेंगचे माग बंद होते.

सकाळच्या पाळीला मी शेडमध्ये शिरलो तेव्हा रांगेतले बाकी सगळे माग खडखडत होते आणि शेवटचे सहा गप्प उभे होते. त्यातल्या एकावर ताण्याचे तुटलेले धागे तसेच लोंबत होते. शेजारच्या विणकराला मी हातानं विचारलं, म्हातारा कुठे? तो हसला, मान डोलावली आणि पुन्हा आपल्या कापडाकडे बघू लागला. पलीकडच्याला विचारलं. तोही हसला.

पाक म्हणजे बाप. इंडोनेशियात कुठल्याही मोठ्या पुरुषाला पाक म्हणतात, आपण अण्णा म्हणतो तसं. आणि बाईला बू. मजालाया नावाचं विणकरांचं गाव आहे तिकडे, आपल्या इचलकरंजीसारखंच, फक्त चहूकडे भाताची खाचरं. मी इचलकरंजीचा जॉबर. माग बिघडला की तो मार्गाला लावायचा, हे माझं काम. तिथल्या एका मिलनं जुने माग मोडून नवे, बिनधोट्याचे रेपिअर माग घातले आणि ते हाताळायला शिकवण्यासाठी हिंदुस्थानातून आम्हा सहा जणांना नेलं. या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि मला लिहायला वाचायला येत नव्हतं. आकडे यायचे. सही यायची, पण ती अक्षरं म्हणून नव्हे, नक्षी म्हणून.

हे फक्त माझ्या खोलीतल्या नरसय्या येमूलला माहीत होतं. तो सोलापूरचा फिटर. माझी पत्रं तोच लिहायचा आणि आलेली तोच वाचून दाखवायचा. मध्ये मध्ये पदरचं घालायचा, तेही मला कळायचं.

"काय बे म्हादबा," चहाच्या सुट्टीत तो म्हणाला, "म्हाताऱ्याला काय बोललास तू?"

"मला बोलता येतंय कुठं? दीड महिना झाला नाही येऊन."

"मग न बोलता काय केलास?"

"काही नाही."

मणी साहेबांनाही मी हेच सांगितलं. ते आमचे मॅनेजर, कोइमतूरचे. त्यांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि त्यांच्या तोडक्या हिंदीत विचारलं, "काही नाही, तर चौतीस वर्षं काम केलेला माणूस दुपारी हात धुऊन घरी का जातो?"

"साहेब, आजारी असेल."

"आजारी नाही. आणि बाकीचे विणकर माग अडला तरी तुला बोलवत नाहीत. स्वतःच खटपट करतात, नाहीतर बंद ठेवतात. माझ्याकडे रोजचा आकडा येतो, महादेव." त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "सोमवार. सोमवारी म्हातारा मागावर नसला, तर मंगळवारी तू परत जायचं. मला जॉबर दुसरा मिळेल. विणकर कुठून आणू?"

परत म्हणजे कुठे? आमच्या गल्लीतल्या ज्या शेडमध्ये मी वीस वर्षं काढली, तिथले माग भंगारात गेले होते. मी निघालो तेव्हा वेशीपर्यंत माणसं पोचवायला आली होती. धाकटी लेक शाळेत सगळ्यांना सांगत होती, माझा बाप परदेशात शिकवायला गेलाय. दोन महिन्यांत परत जाऊन तिला काय सांगायचं, आणि चूक काय केली हेसुद्धा सांगता येणार नव्हतं.

त्या दिवशी गुरुवार. दर गुरुवारी चार वाजता कॅन्टीनच्या माडीवर आम्हा परदेशी लोकांचा भाषेचा वर्ग असायचा. शिकवायला बू नीनिंग. पस्तिशीची बाई, डोक्याला रुमाल बांधलेला, बारीक आवाज. हिंदी सिनेमे बघून बघून तिला बऱ्यापैकी हिंदी यायची, फक्त ती जरा सिनेमातल्यासारखी बोलायची. मिलनं तिला बाजारातल्या तयार कॅसेट आणून दिल्या होत्या. त्यात एक गोरा माणूस विमानतळावर उतरतो, टॅक्सी करतो, हॉटेलात खोली मागतो. दोन वर्ग झाल्यावर तिनं त्या बाजूला ठेवल्या.

"ही पाहुण्यांची भाषा आहे," ती म्हणाली होती. "तुम्ही इथं राहणार. तुम्हाला हॉटेल काय करायचंय?"

तेव्हापासून ती कुणाकडून तरी उसना आणलेला व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन हिंडत होती. भाजीबाजार, मशिदीसमोरचं चहाचं दुकान, लग्नघर, आमची शेड. जे दिसेल ते टिपायचं, मग वर्गात टीव्हीवर लावायचं. हा माणूस काय म्हणाला? का वाकला? हिनं हसून नाही म्हटलं की हो? शब्द त्यानंतर. असे बारा धडे करून ती बांडुंग शहरातल्या शिक्षण केंद्राला दाखवणार होती. तिथं पसंत पडले तर बाहेरून येणाऱ्या सगळ्या कामगारांना तेच शिकवणार होते.

वर्ग सुटला. मी उठलो तशी ती म्हणाली, "पाक महा, तुम्ही थांबा."

सगळे खाली गेल्यावर तिनं दार लोटलं, एक कॅसेट घातली आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"आवाज कशाला बंद?" मी म्हणालो.

"शेडमध्ये तुम्हाला आवाज येतो?"

खरं होतं. मागांच्या शेडमध्ये तोंडाची भाषा चालतच नाही. बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ फिरवली की ताण्याच्या सुताचं बीम संपलं. अंगठा ओठाला लावला की चहा. म्हणून तर मी निर्धास्त होतो. भाषा येत नसली तर नसली, खुणा साऱ्या जगाच्या सारख्याच, असं मला वाटायचं.

पडद्यावर आमची शेड आली. सोमवारची दुपार. पाक आचेंग मागाखाली उकिडवे बसून तुटलेल्या धाग्यांना गाठी मारत होते. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर काळी टोपी. मग मी आलो. माझ्या उजव्या हातात पाना होता. मला त्यांना सांगायचं होतं, गाठी मारून झाल्या की लगेच माग सुरू करू नका. वाकून खाली बघायला कंबर दुखत होती. मी डाव्या हातानं त्यांच्या डोक्यावर तीनदा थापटलं, त्यांनी वर पाहिलं, मी खूण केली आणि निघून गेलो.

इचलकरंजीत मागाखाली बसलेल्या माणसाला असंच बोलावतात. त्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, मग डोकं थापटायचं. माझ्याही डोक्यावर माझ्या वस्तादानं हजार वेळा थापटलं होतं.

"पुढे बघा," ती म्हणाली.

पुढचं मी कधी बघितलंच नव्हतं, कारण मी पाठ फिरवून पुढच्या मागावर गेलो होतो. पाक आचेंगच्या हातातला धागा हातातच राहिला. त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. कुणी पाहिलं का, ते बघत होते. दोन विणकरांनी पाहिलं होतं. त्या दोघांनी झटकन माना खाली घातल्या. मग म्हाताऱ्यानं टोपी काढली, हातानं पुसली, पुन्हा घातली. धागा सोडून दिला, उठले, आणि चित्राच्या बाहेर गेले.

तिनं फीत मागे घेतली आणि पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा मी म्हणालो, "नको. कळलं."

"आमच्यात डोक्याला हात लावत नाहीत," ती म्हणाली. "बापसुद्धा मोठ्या मुलाच्या लावत नाही. आणि डावा हात कशासाठी असतो, ते तुमच्याकडेही तेच असेल. वर सगळ्यांच्या देखत."

"मग मला कुणी सांगितलं का नाही? मी विचारलं. सगळे हसले."

"आमच्याकडे हसण्याचे पुष्कळ प्रकार आहेत, पाक महा. तो धडा अजून करायचा राहिलाय."

 तिनं कॅसेट काढून हातात धरली.

"माझ्याकडच्या सगळ्या चित्रणात हे सगळ्यात कामाचं आहे," ती म्हणाली. "हा एक तुकडा दाखवला की शंभर शब्दांचं काम होतं. पण मी हे पुसणार. त्यांना न विचारता त्यांची ही गोष्ट मी कुणाला दाखवणार नाही. तुमचीही नाही."

"बू, मला त्यांच्या घरी जायचंय. काय बोलायचं ते सांगा."

तिनं वही ओढली आणि भराभर लिहायला लागली. अर्धं पान झाल्यावर थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिहून देऊ, की तुमचा चष्मा अजून दुरुस्तीलाच आहे?"

दर वर्गात कागद वाटला की मी चष्म्याचं कारण सांगायचो. चष्मा मला नव्हताच.  पुढची थाप ओठावर आली होती. पण आत्ताच ज्या बाईनं माझी लाज दार लोटून मला एकट्याला दाखवली, तिच्यासमोर ती निघेना.

"मला वाचता येत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी बायको सोडून कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. येमूललाही त्याचं त्यालाच कळलं होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि तो कागद फाडून टाकला. जणू मी साखर नको म्हणालो होतो.

शनिवारी तिनं मला एक आवाजाची कॅसेट दिली आणि पुठ्ठ्याची सात चित्रं. सगळी तिनं स्वतः काढलेली. पहिल्यात दाराबाहेर काढलेल्या चपला. दुसऱ्यात दोन्ही हातांनी पुढे केलेली फळांची पिशवी. एकात झाकण ठेवलेला चहाचा पेला आणि त्याच्यासमोर मांडीवर हात ठेवून बसलेला माणूस. कॅसेटमध्ये ती एक वाक्य म्हणायची, मग माझ्यासाठी जागा सोडायची. चहाच्या चित्राशी तिनं हिंदीत सांगितलं होतं : समोर चहा ठेवतील. हात लावू नका. घरधनी 'सिलाकान' म्हणेल, म्हणजे घ्या. तो म्हणेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ गेला तरी.

येमूल चादर पांघरून खाटेवर पाक आचेंग होऊन बसला. मी समोर बसून वाक्यं म्हणायचो. माफी मागण्याला तिकडे 'मिंता माआफ' म्हणतात. डोक्याला 'केपाला'. दोन्ही शब्द घरचेच वाटायचे, अडचण मधल्या शब्दांची.

"माफ केलो बे," येमूल म्हणायचा. "जा, आता पाय चेप."

"नीट कर की. उद्या माझं काय व्हायचं ते होईल."

"होतंय काय? मारणार नाही तो. घरात घेतला तर जिंकलास."

रविवारी दुपारी मी एकटा गेलो. येमूल येतो म्हणाला होता; मीच नको म्हणालो. पाक आचेंगचं घर कौलारू, मागे छोटं तळं, त्यात मासे पाळलेले. दारात त्यांची बायको उभी होती. मला बघून ती हसली, आणि आता मला त्या हसण्याची भीती वाटली. पण तिनं आत घेतलं.

पाक आचेंग चटईवर बसले होते. मी संत्र्यांची पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली, त्यांच्यापेक्षा खाली बसलो आणि वाक्यं म्हणायला लागलो. पहिली तीन नीट आली. चौथ्याला गाडी अडली. कॅसेटमधला तिचा आवाज कानात येत होता, शब्द येत नव्हते. म्हातारा शांतपणे बघत होता. शेवटी मी मराठीतच म्हणालो, "चुकलं माझं, अण्णा. मला माहीत नव्हतं." 

त्यांच्या बायकोनं दोन पेले आणून ठेवले. काचेचे, वर पत्र्याची फुलाफुलांची झाकणं.

मग पाक आचेंग बोलायला लागले. हळू, तळ्याकडे बघत, आणि बराच वेळ. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बू नीनिंगनं मला काय बोलायचं ते शिकवलं होतं. ते काय बोलतील ते कोण शिकवणार? मी कान देऊन ऐकत होतो. केपाला आलं. बेनांग आलं, म्हणजे धागा. कांतोर, म्हणजे ऑफिस. हारी, म्हणजे दिवस; ते दोन-तीनदा आलं. पण आवाज रागाचा आहे की दुःखाचा, तेही मला कळेना. ते थांबले.  

चहाला हात लावायचा नव्हता. मला सोमवार आठवला, मंगळवारचं विमान आठवलं. झाकणाच्या कडेनं आधी वाफ येत होती, मग ती यायची थांबली. म्हातारा तळ्याकडेच बघत होता. माझे पाय बधिर झाले. आता उठून नमस्कार करावा आणि जावं, असं एकदा मनात आलं. पण मला एवढं एकच करता येण्यासारखं होतं, थांबणं. तेवढं तरी नीट करावं म्हणून मी थांबलो.

आतून त्यांची बायको काहीतरी फटकन बोलली. दोन-तीनच शब्द, पण त्या सुरात जगातली कुठलीही बायको नवऱ्याशी बोलते. पाक आचेंग दचकले. पेल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घाईघाईनं उजव्या हाताचा अंगठा, तिकडची अदबीची खूण, माझ्या पेल्याकडे केला.

"सिलाकान, पाक," ते म्हणाले. "सिलाकान, सिलाकान."

चहा थंडगार झाला होता, आणि बिनसाखरेचा. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. त्यांनी स्वतःच्या हातानं दुसरा ओतला.

सोमवारी सकाळी मी शेडमध्ये शिरलो तर ते मागाखाली बसून गाठी मारत होते. मी वाकलो, त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि दंडाला हात लावला. त्यांनी मान हलवली. दहा वाजेपर्यंत पलीकडच्या विणकरानं मला बोटांची कात्री करून बोलावलं.

ते रविवारी काय बोलले होते, ते मला महिन्यानं कळलं. बू नीनिंगनं त्यांनाच विचारलं होतं, आणि मला सांगू का याचीही परवानगी घेतली होती. ते म्हणाले होते : राग एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. मग आठवलं, की अकरा धागे गाठी न मारता सोडून आलोय. चौतीस वर्षांत एकही धागा असा सोडला नव्हता. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ? कुणीतरी बोलवायला येईल म्हणून वाट बघत होतो. शुक्रवारी ऑफिसातला माणूस आला, कागद घेऊन. सोमवारी आला नाहीत तर नाव कमी, असा कागद. तुम्ही आलात ते कागद न घेता आलात.

माझा सोमवार तोच त्यांचाही सोमवार होता, हे मला साहेबांनी सांगितलं नव्हतं.

वाचायला मी त्यानंतर शिकलो. गुरुवारी वर्ग सुटल्यावर बू नीनिंगनं मला त्या कॅसेटमधलीच वाक्यं लिहून दिली. "तुम्हाला पाठ आहेत," ती म्हणाली. "आता फक्त बोट फिरवा आणि तोंडानं म्हणा. अक्षरं आपोआप सापडतील." सापडली. माणसं आधी ग म भ न शिकतात. मी आयुष्यात पहिलं वाक्य वाचलं ते माफीचं, आणि तेही परक्या लिपीत. दोन वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा धाकटीनं मराठी अक्षरं लावून दिली. ती चटकन आली. एकदा वाट माहीत झाली की दुसरं गाव लांब वाटत नाही. हे सगळं मी माझ्या हातानं लिहितोय, ते त्या बाईमुळे. आणि तिला मी लिहिलेली पत्रं येमूलनं वाचून बघितलेली नाहीत.

पण सांगायचं ते वेगळंच आहे.

बांडुंगला धडे न्यायच्या आधी एका रविवारी पाक आचेंग स्वतः मिलमध्ये आले. बू नीनिंगनं ते चित्रण खरंच पुसून टाकलं होतं. त्यांना ते कळलं, तेव्हा म्हणाले, पुसलं कशाला, पुन्हा करू. चूक आधी दाखवायची, मग बरोबर कसं ते. मागाखाली तेच बसणार, आणि थापटायला मीच.

माग बंद होते. सुट्टीचा दिवस असून दहा-बारा विणकर बघायला आले होते. येमूल दिवा धरून उभा. पाक आचेंग काळी टोपी घालून मागाखाली बसले. बू नीनिंगनं कॅमेरा खांद्यावर घेतला आणि खूण केली.

मी पाना घेऊन चालत आलो, आणि माझा हात उठेना. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात टोपीच्या वर वीतभर जाऊन थांबला.

"थापट की बे," येमूल मराठीत म्हणाला. "दिवा धरून हात दुखायला लागला."

"होत नाही माझ्यानं."

"पाक महा," मागाखालून आवाज आला. "केपाला वाट बघतंय."

विणकर हसले. हे हसणं कुठलं ते मला कळत होतं. तरी मी तसाच उभा राहिलो. तेव्हा पाक आचेंगनी मागाखालून हात वर काढला, माझं डावं मनगट धरलं आणि माझा तळवा खाली ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. वर बघितलं. 

"जोरात," ते म्हणाले. "नाहीतर मागून येणाऱ्यांना कळायचं नाही."